पुडक्यावरचे गाव

मळवली हे लहानसे स्टेशन. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल तेथे क्षणभर थांबते, पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण मंडळी उतरतात आणि गाडी पुढे निघून जाते. स्टेशनातून बाहेर पडावे, द्रुतगती मार्ग ओलांडावा, भाजे गावातून लेण्यांच्या पायथ्याशी यावे आणि चढणीचा रस्ता धरावा. चालणारा बरा असेल तर तासा-दीड तासात गायमुख खिंड लागते. डाव्या अंगाला विसापूर, उजव्या अंगाला लोहगड, असे दोन भाऊ पाठीला पाठ लावून बसलेले. खिंडीतून उजवीकडे वळले की लोहगडवाडी. गडाच्या पायऱ्या वाडीच्या अंगणातूनच वर जातात म्हटले तरी चालेल.

गडाची कीर्ती मोठी. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा किल्ला 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगडही आहे. विंचूकाट्याच्या टोकावर उभे राहिले की एका बाजूला पवनेचे पाणी आणि त्यापलीकडे तुंग-तिकोना दिसतात. पण वाडीची कीर्ती कोण सांगणार? येणारा गड पाहतो, पायऱ्या उतरतो, पिठले-भाकर खातो आणि गाडी पकडायला धावतो. ज्या घरात तो जेवला त्या घराचे नावही त्याला ठाऊक नसते.

मी या वाडीत वर्षातून दोनदा जातो. एकदा पावसात आणि एकदा थंडीत. उतरण्याचे घर ठरलेले आहे. तिथल्या मावशींचा चहा म्हणजे आले, गवती चहाची दोन पाती, मूठभर साखर, आणि पातेल्यात तीनदा वर येऊन तीनदा खाली बसलेले दूध. भिजून कुडकुडत आलेल्या माणसाला हा चहा म्हणजे दुसरा जन्मच. तरीही गेली चार वर्षे माझ्या घरी निराळा चहा आला आहे. डॉक्टरांनी साखर कमी करा म्हणून सांगितले, साखर गेल्यावर दुधाच्या चहात राम उरला नाही, आणि शोधता शोधता मी जपानच्या हिरव्या चहापर्यंत पोहोचलो. हा चहा आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे नसतो. तो मोबाइलवर पाहायचा, मोबाइलवरच विकत घ्यायचा, आणि आठ-पंधरा दिवसांनी दारात आलेल्या माणसाकडून हातात घ्यायचा.

गेल्या श्रावणात वाडीत जाताना असेच एक पन्नास ग्रॅमचे पुडके मी पिशवीत टाकले होते. मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट केले. वरची जपानी अक्षरे त्यांना लागेनात. मलाही ती लागत नाहीत. मग त्यांनी विचारले, “सर, कंच्या गावचा च्या म्हनायचा ह्यो?”

मी शिझुओकाचे नाव सांगितले.

“आन् कवा तोडलाय?”

“मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.”

“केलाय कुनी?”

विकणाऱ्याने मळा कसणाऱ्या कुटुंबाचे नाव दिले होते, ते मी सांगितले. मावशींनी मान हलवली, पुडके हुंगले आणि म्हणाल्या, “मंग हरकत न्हाई. वास गवताचा हाय, पर कोवळ्या गवताचा.”

चार वर्षे पुष्कळ वाचून आणि पुष्कळ पैसे मोजून जे मला कळले होते, ते एवढेच होते. कोठला, केव्हाचा आणि कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या पुडक्याला देता येतात ते घ्यावे. ज्याला देता येत नाहीत ते, वर कितीही सोनेरी अक्षरे असोत, परत ठेवावे. मावशींनी हे प्रश्न चहासाठी शोधून काढले नव्हते. भात, म्हैस, सोयरीक, सगळ्यांनाच त्या हे प्रश्न विचारत आल्या आहेत. आपण शहरातली माणसे मात्र दुकानाच्या काचेपुढे किंवा मोबाइलच्या काचेपुढे उभे राहिलो की ते विसरतो.

आधी हा हिरवा चहा आहे तरी काय, ते सांगतो. झाड तेच, आसामात, दार्जिलिंगात, निलगिरीत ज्याच्या पानांचा काळा चहा होतो त्याच जातीचे. फरक पुढच्या कृतीत आहे. खुडलेले पान तसेच राहू दिले तर हवेशी संयोग होऊन ते काळवंडते. काळ्या चहाला हेच हवे असते. हिरव्या चहासाठी पान खुडल्याबरोबर त्याला उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात. चीनमध्ये बहुधा कढईत परततात, जपानात वाफवतात. वाफवणे काही सेकंदांचेच असते. ते जास्त वेळ केले तर पान चुरते, रंग गडद होतो आणि चव भरीव होते. अशा चहाला फुकामुशी म्हणतात. वाफवून, वळून, सुकवून जो सुईसारखा चहा तयार होतो तो सेन्चा. 1738 मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी ही रीत बसवली असे जपानी चहाचा इतिहास सांगतो.

त्याच पानाचे इतर प्रकारही आहेत. खुडण्याआधी सुमारे तीन आठवडे झाडांवर सावली धरली की ग्योकुरो होतो. उन्हाने पानात येणारा तुरटपणा कमी राहतो आणि गोडवा टिकतो. सावलीतलेच पान न वळता सुकवून जात्यात दळले की त्याची पूड माच्चा म्हणून विकली जाते. भाजला की होजिचा. त्याला खमंग वास येतो. आणि भाजलेला तांदूळ मिसळला की गेन्माइचा. त्यातले काही दाणे लाहीसारखे फुललेले असतात. तांदळाच्या मुलखातल्या माणसाने या वाटेवर पहिले पाऊल टाकायचे तर गेन्माइचापासून टाकावे. तो स्वस्त असतो, पाणी जरा कढत पडले तरी बिघडत नाही, आणि त्याचा वास आपल्या ओळखीचा असतो.

आता पहिला प्रश्न, कोठला? लोणावळ्याच्या बाजारात चिक्की घ्यायला गेलेल्या माणसाला या प्रश्नाचे मर्म सांगायला नको. एका ओळीत दहा दुकाने, आणि बहुतेक पाट्यांवर ‘ओरिजिनल’. चहाच्या बाजारातही हेच आहे. सेन्चा हे रीतीचे नाव आहे, गावाचे नाही. चीनमध्येही सेन्चा होतो आणि परदेशी जातो. तो वाईटच असतो असे नव्हे, पण जपानी म्हणून जपानी भावाने तो का घ्यावा? तेव्हा पुडक्यावर देश पाहावा, आणि देशावर न थांबता प्रांत पाहावा. शिझुओका हा चहाचा जुना मोठा प्रांत. 2024 मध्ये दक्षिणेकडच्या कागोशिमाने उत्पादनात त्याला प्रथमच मागे टाकले. यामेचा ग्योकुरो नावाजलेला, आणि उजीचे नाव तर सर्वांत जुने व सर्वांत महाग. पण उजी या नावातही एक मेख आहे. क्योतो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांत पिकलेला चहा क्योतोत तयार झाला तर त्याला उजीचा चहा म्हणण्याची तिथल्या व्यापाऱ्यांच्या नियमांत मुभा आहे. हे लपवलेले नाही. नियम उघड आहे. म्हणून चांगला विक्रेता नुसते ‘उजी’ म्हणत नाही. त्यातले गाव सांगतो.

दुसरा प्रश्न, केव्हाचा? येथे आपली तांदळाची समजूत उलटी करावी लागते. तांदूळ आपण जुना मागतो. घरात दोन वर्षांचा तांदूळ असणे हे आपल्याकडे खाऊनपिऊन सुखी असल्याचे लक्षण. हिरवा चहा मात्र नवा हवा. पहिली खुडणी एप्रिल-मेमध्ये होते आणि तीच सर्वांत सरस. आपले शेतकरी जसे रोहिणी आणि मृग मोजतात, तसे जपानचे शेतकरी वसंताच्या आरंभापासून अठ्ठ्याऐंशीवी रात्र मोजतात. ती मे महिन्याच्या 2 तारखेच्या आसपास येते आणि त्या दिवसांत खुडलेला चहा शुभ मानतात. त्या हंगामाचा ताजा चहा म्हणजे शिन्चा. दुसरी खुडणी जून-जुलैमध्ये होते. ती अधिक तुरट आणि स्वस्त. पुढच्या राठ पानांचा बान्चा होतो. तो रोजच्या जेवणाबरोबरचा, साधा आणि प्रामाणिक चहा.

पण पुडक्यावर जी तारीख असते ती बहुधा खुडणीची नसते. कोठवर चांगला राहील याची असते. तीही जपानी पद्धतीने, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. कधी कधी तर आपल्या शकासारखे तिथल्या बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. 2019 हे रेइवा शकाचे पहिले वर्ष, यावरून हिशेब करावा. खुडणीचा महिना विक्रेत्याने आपल्या पानावर वेगळा दिलेला असतो. दिला नसेल तर सरळ पत्र लिहून विचारावे. मी नेहमी विचारतो. ज्याच्याजवळ उत्तर असते तो दोन ओळींत देतो. ज्याच्याजवळ नसते तो चहाच्या आरोग्यदायी गुणांवर लांबलचक मजकूर पाठवतो. कोणाकडून घ्यायचे नाही हे एवढ्यावरून ठरते.

तिसरा प्रश्न, कोणाचा? याची प्रामाणिक उत्तरे दोन असू शकतात. एक, अमक्या कुटुंबाच्या अमक्या मळ्याचा आणि अमक्या वाणाचा. जपानात अर्ध्याहून अधिक मळ्यांत याबुकिता नावाचे वाण आहे. शिझुओकाच्या सुगियामा हिकोसाबुरो यांनी ते 1908 मध्ये निवडले. या नावाचा अर्थ ‘बांबूच्या बेटाच्या उत्तरेचे’ असा आहे, कारण ते रोप तेथे होते. आपल्याकडे शेताला ‘विहिरीवरचे’ म्हणावे तितके हे साधे नाव जगभर गेले. दुसरे उत्तर असे की, हा चहा अनेक मळ्यांचा आहे, पण आमच्या पेढीने तो चाखून, जुळवून मिसळला आहे. तेही उत्तम उत्तर आहे. मिसळणे ही तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे आणि तिला पेढीचे नाव जामीन असते. वाईट एकच, ज्याला मळाही नाही आणि पेढीही नाही. नुसते चित्र आहे.

माच्चाच्या बाबतीत तर फार जपावे. पुडक्यावर ‘सेरेमोनियल ग्रेड’ असे लिहिलेले असते आणि चहाच्या समारंभाचे कोणीतरी दिलेले प्रमाणपत्र आहे असे गिऱ्हाइकाला वाटते. जपानात असा कोणताही सरकारी दर्जा नाही. ते विकणाऱ्यांनी काढलेले नाव आहे. अलीकडे जगभर माच्चाचे वेड पसरले, आणि 2024 च्या शरदात जपानातल्या काही जुन्या पेढ्यांना एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घालावी लागली. माल तुटपुंजा आणि मागणी अफाट, अशा वेळी बाजारात काय काय हिरवे होऊन येते ते सांगायला नको. चांगल्या माच्च्याचा रंग टवटवीत हिरवा असतो. पिवळट किंवा मातकट असेल तर तो पिण्याचा नव्हे, फार तर केकात घालण्याचा.

व्यवहाराच्या चार गोष्टी येथेच सांगून टाकतो. परदेशातून थेट मागवला तर चहावरची जकात भारी असते. मूळ दरच शंभर टक्के आहे, तेव्हा घरी पोहोचेपर्यंतचा हिशेब आधी करावा. भारतातल्या आयातदाराकडून घेतला तर पुडक्यावर त्याचे नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे. मोठे पुडके स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. पन्नास ग्रॅमने आरंभ करावा आणि उघडल्यावर महिन्याभरात संपवावा. ऊन, ओल, उष्णता आणि परका वास हे त्याचे चार शत्रू. मावळच्या पावसाळ्यात तर उघडा राहिलेला चहा दोन दिवसांत लोळागोळा होतो. थंडपेटीत ठेवला असेल तर बाहेर काढून घरच्या हवेइतका होऊ द्यावा आणि मगच फोडावा; नाहीतर गार पानांवर दव धरते.

करायची रीत आपल्या रीतीच्या अगदी उलट. उकळी आली की आपला चहा सुरू होतो. यांच्या सेन्चाला उकळते पाणी चालत नाही. सत्तर ते ऐंशी अंशांचे पाणी, माणशी दोन-तीन ग्रॅम पाने आणि एक मिनिट, एवढे पुरे. कढत पाण्यात पानातला तुरटपणा भराभर उतरतो. कोमट पाण्यात तो मागे राहतो आणि गोडवा पुढे येतो. ग्योकुरोला तर पन्नास-साठ अंशच बस्स. होजिचाला मात्र उकळते चालते. लोहगडाच्या माथ्यावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून 1,033 मीटरवर, पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. तरी तेही सेन्चाला जास्तच. मावशींच्या घरात उष्णतामापक कोठून असणार? पण बाळाचे दूध निववतात तसे त्यांनी पाणी या पेल्यातून त्या पेल्यात दोन-तीनदा ओतले आणि काम झाले. दर ओतण्याला पाच-दहा अंश उतरतात. त्याच पानांवर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पाणी घालता येते. पाणी मृदू हवे. पावसाचे ते असतेच.

हे तीन प्रश्न या डोंगराला नवे नाहीत. ज्या वाटेने आपण वर चढलो तिच्यालगतची भाज्याची लेणी आणि खोऱ्यापलीकडचे कार्ले पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटवाटांनी बंदरांचा माल वर चढत होता आणि व्यापारी या लेण्यांना दाने देत होते. त्यांच्या लेखांत काय असते? दात्याचे नाव, त्याचे गाव, आणि त्याने दिलेली वस्तू. कार्ल्याच्या चैत्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, आणि एकेक खांब देणारे धेनुकाकटचे यवनही आहेत. लोहगडाच्या कातळातही जैन नमस्काराने सुरू होणारा ब्राह्मी लेख अभ्यासकांनी 2019 मध्ये उजेडात आणला. त्यातही दात्याचे नाव आणि पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. एक खांब, एक टाके. पण कोणी दिले आणि तो कोठला, हे दगडात कोरून ठेवले. त्या माणसांना आपल्या नावाची लाज वाटत नव्हती.

जपानचा चहा पहिल्यापासून असा चोख होता, असे मात्र कोणी समजू नये. 1868 मध्ये तोकुगावांची सत्ता गेली आणि शोगुनच्या पदरचे सामुराई बेकार झाले. त्यांच्यातली काही कुटुंबे 1869 मध्ये शिझुओकातल्या माकिनोहारा या ओसाड पठारावर गेली आणि तलवार ठेवून त्यांनी चहा लावला. ओई नदीवर पूल नव्हता; वाटसरूंना खांद्यावर घेऊन पार नेणाऱ्या हमालांचा धंदा नव्या राजवटीत बसला, तेही या पठारावर आले. आज ते पठार जपानातल्या मोठ्या चहामळ्यांपैकी एक आहे. पण त्या काळी चहा अमेरिकेला जाई, मागणी वाढली, आणि निर्यातीच्या मालात रंग आणि भेसळ शिरली. 1883 मध्ये अमेरिकेने भेसळीच्या चहाविरुद्ध कायदा केला. मग 1884 मध्ये जपान सरकारने चहाच्या धंद्यातल्या लोकांचे संघ बांधण्याचे आणि मालावर देखरेख ठेवण्याचे नियम काढले. आज पुडक्यावर मळ्याचे नाव वाचून आपण निर्धास्त होतो, त्याच्यामागे एकदा गेलेली पत पुन्हा कमावण्याचा हा खटाटोप आहे.

हे वाचले तेव्हा मला लोहगड आठवला. 1818 च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या फौजेने विसापूर आणि लोहगड घेतले. गडावरची शिबंदी संपली. खालच्या वाड्यांना पुढे शेतीचाच आधार उरला, आणि या पावसाच्या मुलखात शेती म्हणजे भात. चहा येथे होणार नाही. त्याला पाऊस वर्षभर वाटून हवा, आणि मावळात चार महिने आभाळ फाटते नि आठ महिने कोरडे जातात. पण भात होतो, आणि असा होतो की शिजताना शेजारच्या घराला कळतो. त्यातला इंद्रायणी हा वाण येथूनच जवळ, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून तयार झाला आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. आता तो मुळशीत पिकतो, इगतपुरीत पिकतो, आणखीही कोठे कोठे पिकतो. पुण्याच्या पेठेत इंद्रायणीची पोती थप्पीने असतात. कोठला म्हणून विचारले तर दुकानदार हसतो. इंद्रायणी हे याबुकितासारखे वाणाचे नाव आहे, गावाचे नाही, हे आपण विसरलो. अमक्या बेटाच्या उत्तरेचे रोप कोणते, हे मी मोबाइलवर चार-चारदा तपासून पाहतो, आणि रोज पानात पडणारा भात कोणाच्या खाचरातला आहे हे मला ठाऊक नसते!

मावशींच्या धाकट्या मुलाचा त्या दिवशी हाच विचार चालला होता. पाहुण्यांची उठबस तोच पाहतो. या हंगामापासून घरचा तांदूळ मोबाइलवरून विकायचा असे त्याने योजले आहे. पाच किलोच्या पिशवीचा नमुना त्याने मला दाखवला. वर गडाचे चित्र, खाली ‘प्रीमियम इंद्रायणी’, आणि आणखी काही नाही. मी म्हटले, “अरे, तुझे गाव कोठे आहे यात?”

“गड छापलाय की, सर.”

“गड सगळ्यांचाच. लोहगडवाडी लिही. घराण्याचे नाव लिही. कापणीचा महिना आणि सडल्याची तारीख लिही.”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, गिऱ्हाईक हे वाचत न्हाई. भाव बघतं. आन् गाव छापलं की हात बांधलं गेलं. आमची खाचरं केवढी! माल संपला आन् मागनी आली, तर बाजारातनं चार पोती आणून भरता येनार न्हाईत.”

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हिशेब होता. चार पोती बाहेरची मिसळली तर दिवाळी ते होळी धंदा चालेल. न मिसळली तर माघातच पिशव्या संपतील. ज्याच्या घरात दहा खंडी भात येतो त्याला चोख राहणे सोपे जाते. डोंगरउतारावरच्या चार खाचरांच्या धन्याला त्याची किंमत रोकड मोजावी लागते. आणि ही किंमत त्याने एकट्याने मोजावी असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येतो, जेव्हा आपण विकत घेताना गावाचे नाव वाचतो आणि त्या नावापायी चार पैसे जास्त देतो. माकिनोहाराच्या मळेवाल्याला पुडक्यावर महिना छापणे परवडते, कारण तो महिना विचारणारे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे बसलेले आहे. लोहगडवाडीच्या मुलाला ते परवडेल की नाही, हे पुण्या-मुंबईत बसलेल्या तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला आहे. पहिल्या शंभर पिशव्यांवर गाव, घराणे आणि तारीख हाताने लिहायची, आणि त्या संपल्या की ‘या सालचा तांदूळ संपला’ असे लिहून दुकान बंद करायचे. जपानातले शिन्चाचे विक्रेतेही हंगाम सरला की असेच करतात, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याला ते पटलेसे दिसले. माघ-फाल्गुनात जेव्हा मागणी येईल आणि पोते रिकामे असेल, तेव्हा त्याचा खरा कस लागेल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास मावळात भाताची कापणी चाललेली असेल. खाचरांतून पेंढ्या खळ्यावर येत असतील आणि नव्या भाताच्या वासाने वाड्या भरून गेल्या असतील. दिवाळीचा फराळ झाला की घरात वर्षाचा तांदूळ भरण्याचा विषय निघेल. त्या वेळी दुकानदाराला, नाहीतर मोबाइलवरच्या विक्रेत्याला, एवढे जरूर विचारा: कोठला, केव्हाचा आणि कोणाचा? पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी कदाचित मिळेल.